तुमचं नाव कुठल्या बिलावर आहे?

वाचक विचारतात : कम्युनिटी कॉलेजची ॲडमिशन

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती, की कम्युनिटी कॉलेजच्या (म्हणजे अमेरिकेतली दोन वर्षांची कॉलेजं, तिथून पुढे मोठ्या युनिव्हर्सिटीत जाणं म्हणजे ट्रान्सफर) ॲडमिशनबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर पाठवा. मला वाटलं पाच-सहा पत्रं येतील, तर इनबॉक्स भरून वाहायला लागला. बरीचशी पत्रं कॅलिफोर्नियातली आहेत, तिथे सरकारी कम्युनिटी कॉलेजंच ११६ आहेत, आणि मी स्वतः त्यातल्या एकात आधी विद्यार्थिनी आणि मग ॲडमिशनच्या डेस्कवर पार्टटाइम अशी बरीच वर्षं काढलीत, म्हणून तिथलं मला जास्त ठाऊक. सांगली आणि न्यू जर्सीतल्या एडिसनचं एकेक पत्रही घेतलंय. नावं कुणाचीच छापत नाहीये, निवांत वाचा.

"ताई, मुलाचं यंदा हायस्कूल संपलं. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) चार ठिकाणांहून नाही आलं, एका ठिकाणी वेटलिस्ट. ॲरिझोनात मिळतंय पण तिथली फी ऐकून पोटात गोळा येतो. तो म्हणतो मी कम्युनिटी कॉलेजला, ओलोनीला जातो नाहीतर डी अँझाला. ह्यांनी चार दिवस अबोला धरलाय, म्हणतात गणपतीत मंडळात लोकं विचारतील तेव्हा काय सांगायचं. फॉर्मची तारीख गेली का? जीपीए किती लागतो?" — एक आई, फ्रिमाँट

जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, लागत नाही हो. हायस्कूल पास किंवा वय १८ पूर्ण, दोन्हीपैकी एक असलं की झालं. एसएटी नाही, निबंध नाही, शिफारसपत्र नाही, अर्जाची फीसुद्धा नाही. आपल्या डोक्यात अकरावीच्या कॅप राउंडपासून पहिली लिस्ट, दुसरी लिस्ट, कट-ऑफ हे इतकं बसलेलं असतं की सगळ्यांना घेतात म्हटलं की लगेच वाटतं म्हणजे दर्जाच नसणार. तसं नाहीये, ते कायद्यानेच सगळ्यांना घेतात, १९६० साली राज्याने मास्टर प्लॅन केला तेव्हाच ठरलं की या कॉलेजांचं दार उघडं राहील. अपवाद नर्सिंग, डेंटल हायजीन असल्या कोर्सेसचा, त्यांच्या सीट्स मोजक्या असतात आणि त्यांचा अर्ज वेगळा असतो.

तारीख गेलेली नाही. टर्म सुरू होईपर्यंत फॉर्म घेतात, ओलोनीची टर्म ऑगस्टच्या शेवटी आणि डी अँझाची सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते. पण खरी गंमत पुढे आहे आणि इथेच आपली मुलं फसतात. सीसीसी अप्लाय नावाच्या साइटवर अर्ध्या तासात फॉर्म भरून होतो, "काँग्रॅच्युलेशन्स" असा ईमेल येतो, मग सगळे पेढे वाटल्यासारखे रिलॅक्स होतात, आणि मुलगा थेट ऑगस्टमध्ये लॉगिन करून बघतो तर कॅल्क्युलस फुल, इंग्लिश फुल, उरलंय ते सकाळी सात वाजताचं काहीतरी. ॲडमिशन म्हणजे क्लासमध्ये जागा नव्हे. फॉर्म भरला की एक स्टुडंट आयडी येतो (स्पॅममध्ये बघा, हल्ली खोटे अर्ज टाकून आर्थिक मदत लाटणाऱ्यांचा एवढा सुळसुळाट झालाय की कॉलेजं ओळख तपासायला मागतात आणि त्यात खऱ्या पोरांचेही दिवस जातात), मग ऑनलाइन ओरिएंटेशन करायचं, मग काउन्सेलरकडे बसून एज्युकेशन प्लॅन करायचा, आणि हे दोन्ही केलं असेल तर रजिस्ट्रेशनची तारीख लवकरची मिळते. त्या दिवशी सकाळी लॉगिन करून क्लास पकडायचे, अगदी तत्काळ तिकिटासारखे. क्लास भरलेला असेल तर वेटलिस्टवर नाव घालायचं आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचं, सोडून जाऊ नका म्हणावं. पहिल्या दिवशी न आलेल्यांची नावं प्राध्यापक काढून टाकतात आणि त्या जागा तिथे बसलेल्यांना मिळतात, मी हे दर टर्मला बघितलंय. आणि फी वेळेत भरा, नाहीतर बऱ्याच कॉलेजांत सिस्टिम परस्पर क्लासमधून नाव उडवते.

चुलत-मावस भावंडं सांगतील की प्लेसमेंट टेस्ट असते, तिची तयारी कर. ती गोष्ट जुनी झाली, २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर हायस्कूलच्या मार्कांवरच गणित-इंग्लिशची पातळी ठरते.

फी विचारली नाहीत पण सांगते. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटचे (म्हणजे क्रेडिटचे) ४६ डॉलर, २०१२ पासून तेवढेच आहेत. डी अँझा क्वार्टर सिस्टिमवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या टर्मवर, चालतं म्हणून तिथे ३१. म्हणजे फुल टाइमचे १२ युनिट घेतले तर क्वार्टरची ट्यूशन ३७२ डॉलर, वर किरकोळ फिया, पुस्तकं आणि पार्किंग.

आता यूसीचं. सहा कॅम्पस आहेत, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ, हे कम्युनिटी कॉलेजच्या मुलांशी टॅग नावाचा करार करतात, म्हणजे ठरलेले विषय ठरलेल्या जीपीएने पूर्ण केले तर ॲडमिशनची लेखी हमी. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो आणि ट्रान्सफरच्या आदल्या वर्षी सप्टेंबरच्या १ ते ३० मध्ये भरायचा असतो, नंतर यूसीचा मुख्य अर्ज वेगळा भरावाच लागतो, तो विसरलेली एक मुलगी माझ्यासमोर रडली होती. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगोला टॅग नाही. आणि कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या विषयांना काही कॅम्पसवर टॅग चालत नाही, तुमच्या मुलाला तेच हवं असणार हे मी पत्र न वाचताही सांगितलं असतं, तर ते आधी बघून घ्या. असिस्ट डॉट ऑर्गवर इथलं कॉलेज आणि तिथलं यूसी निवडलं की कुठला विषय कुठल्या विषयाच्या बदल्यात धरतात ती यादीच निघते. ओलोनी की डी अँझा हा वाद त्या दोन याद्या शेजारी ठेवून मिटवा, नावावरून नको.

एक कडू गोष्टही सांगून ठेवते. दोन वर्षांत ट्रान्सफर होऊ असं म्हणून येणाऱ्यातल्या पुष्कळ जणांना तीन लागतात, चारही लागतात, कारण घरी राहून जेवण आयतं मिळतं, मित्र गावाला गेलेले असतात, एखादा क्लास अर्ध्यात सोडला जातो आणि साखळीतला पुढचा विषय एक टर्म पुढे ढकलला जातो. पहिल्या टर्मला काउन्सेलरची अपॉइंटमेंट त्याच्याबरोबर तुम्ही कॅलेंडरवर लिहा, आत मात्र त्याला एकट्याला जाऊ द्या.

साहेबांना सांगा, यूसीतून डिग्री मिळाली की सर्टिफिकेटवर फक्त यूसीचं नाव असतं. आणि गणपतीत कुणी विचारलंच तर तुमच्या शेजारच्या हेवर्डचं शाबो कॉलेज दाखवा, टॉम हँक्स तिथलाच विद्यार्थी, त्याने स्वतः न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून ते सांगितलंय. स्टीव्ह वॉझनिअ‍ॅक डी अँझाला होता आणि मग बर्कलीला गेला. मंडळातल्या निम्म्या लोकांच्या खिशात त्याच्या कंपनीचा, ॲपलचा, फोन असेल.

"ताई, मी एच-फोरवर (मिस्टरांच्या एच-वन नोकरीच्या व्हिसावरून बायकोला मिळतो तो) आहे, कोल्हापूरची, बीकॉम. लग्नानंतर अकरा वर्षं काहीच केलं नाही. मुलगा किंडरगार्टनला गेला म्हणून प्रीस्कूल टीचरचा कोर्स करावा असं मनात आलं. रात्री सगळे झोपल्यावर फॉर्म भरला. आता अकाउंटमध्ये नॉन-रेसिडेंट लिहिलंय आणि फी हजारांत दिसतेय. आम्ही इथे साडेतीन वर्षं आहोत. सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून असं झालं का? मिस्टर म्हणतात राहू दे आता. एवढ्या गॅपनंतर घेतील तरी का?" — सनीव्हेल

अगं, तुझं पत्र वाचून मी चहा तसाच ठेवला. तुझ्या प्रश्नासाठीच खरं तर हा सगळा कॉलम लिहायला घेतला म्हण.

आधी गॅप. गॅप सर्टिफिकेट, ॲफिडेव्हिट, लीव्हिंग, मायग्रेशन, यातलं काही कुणी मागत नाही. अकरा वर्षं काय केलं हा प्रश्नच फॉर्मवर नाही. बीकॉम झालेल्या बाईने परत पहिल्या वर्षाचा विषय का घ्यावा असंही कुणी विचारणार नाही, माझ्या वर्गात एक दंतवैद्य आणि एक रिटायर्ड पोस्टमन होता.

सोशल सिक्युरिटी नंबरचा याच्याशी संबंध नाही. नंबर नाही अशी चौकट असते, तिच्यावर टिक करायची बस्स. मी माझ्या वेळी काय केलं माहितीये, त्या रकान्यात नवऱ्याचा नंबर टाकला, बँकेत चालतं तसं चालेल असं वाटून, आणि मग दुरुस्तीसाठी दुसरा फॉर्म भरला, तर कॉलेजात मी दोन झाले. एकीचा क्लास लागला होता आणि दुसरीने फी भरली होती. ते एकत्र करायला तीन आठवडे गेले.

आता नॉन-रेसिडेंट का झालीस ते. मला जवळजवळ खात्री आहे की त्या फॉर्ममध्ये, तुम्ही गेली दोन वर्षं कॅलिफोर्नियात सलग राहताय का, असा प्रश्न आला तेव्हा तू नाही म्हटलंस, कारण मध्ये कोल्हापूरला गेला होतात. आणि सध्याचं वास्तव्य कधीपासून, यात परत आल्याची तारीख टाकलीस. आपण खरं बोलायला जातो आणि अडकतो. सुट्टीत दीड-दोन महिने माहेरी जाऊन आल्याने रहिवास मोडत नाही, घर इथेच होतं, सामान इथेच होतं, परत यायचंच होतं. तारीख टाकायची ती पहिल्यांदा कॅलिफोर्नियात राहायला आलात तेव्हाची.

नियम असा आहे की टर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुझं इथलं वास्तव्य एक वर्ष आणि एक दिवस झालेलं पाहिजे आणि इथेच राहायचा इरादा आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. एच-फोरला हे चालतं, एच-वनला चालतं. एफ-वनवाल्यांना (विद्यार्थी व्हिसा) आणि व्हिजिटरवर आलेल्यांना चालत नाही, ते कितीही वर्षं राहिले तरी. फॉर्मवर व्हिसाचा प्रकार नीट निवडला आहेस ना तेही एकदा बघ. पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलेला असतो पण मुदत आय-७९७ वर, म्हणजे इमिग्रेशनच्या मंजुरीच्या पत्रावर, वाढलेली असते, तर तो कागद बरोबर ने.

म्हणजे आपल्याकडच्या डोमिसाईलसारखंच की, असं म्हणशील. हो, फक्त महाराष्ट्रात पंधरा वर्षं लागतात आणि इथे एक. आणि तिकडे तहसीलदार एक शिक्का मारून देतो, इथे सर्टिफिकेट कुणी देत नाही, तुलाच कागद गोळा करून दाखवायचे असतात. आणि इथे खरी मेख आहे.

मी गेले होते तेव्हा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळं झेरॉक्स करून नेलं होतं, आपली सवय. भाड्याचं ॲग्रीमेंट, विजेचं बिल, इंटरनेटचं बिल, गाडीचं रजिस्ट्रेशन. खिडकीतल्या बाईने एकेक कागद उलटा करून माझ्याकडे फिरवला आणि पेन्सिलीने नावाखाली रेघ मारत गेली. ॲग्रीमेंट, ह्यांचं नाव. वीज, ह्यांचं. इंटरनेट, ह्यांचं. गाडी, ह्यांची. मग म्हणाली, हे सगळं ठीक आहे, पण यात तुम्ही कुठे आहात? मी म्हटलं ते माझे मिस्टर आहेत, तर ती म्हणाली, असतील, पण ते ॲडमिशन घेत नाहीयेत. तेव्हा फार राग आला होता. घरी येऊन शेवटी एका बिलावर माझं नाव सापडलं, ते लायब्ररीचं, उशिरा परत केलेल्या पुस्तकाच्या दंडाचं.

नंतर कळलं की कॅलिफोर्नियाच्या एज्युकेशन कोडमध्येच, कलम ६८०६२ मध्ये, लिहिलेलं आहे की बाईचा रहिवास नवऱ्याच्या रहिवासावरून धरला जाणार नाही. म्हणजे नवरा इथे दहा वर्षं आहे म्हणून तू आपोआप रहिवासी होत नाहीस, आणि उलट नवरा उद्या टेक्ससला गेला तरी तू इथली राहू शकतेस. एका अर्थी आपल्या बाजूचाच नियम, फक्त तो वापरायला आपल्या नावाचा कागद लागतो.

तर हे कर. राज्याचं टॅक्स रिटर्न जॉइंट भरलं असेल तर त्यावर दोघांचीही नावं असतात, हा सगळ्यात दमदार कागद, आणि बहुतेक बायकांना तो घरात आहे हेच माहीत नसतं, सीएने पीडीएफ नवऱ्याला ईमेल केलेली असते. ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर त्यावरची इश्यू डेट बघ. जॉइंट बँक अकाउंटचं स्टेटमेंट. मुलाच्या शाळेच्या नोंदणीत आई म्हणून पत्त्यासकट नाव असेल. हे घेऊन ॲडमिशन्सच्या ऑफिसात रेसिडेन्सी बदलायचा फॉर्म भरायचा, आणि टर्म सुरू व्हायच्या आत, उगीच शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नकोस कारण तेव्हा तिथे रांग असते. कागद कमी पडले तरी हिरमुसू नकोस, ही टर्म जाऊ दे, या टर्ममध्ये ॲग्रीमेंटवर आणि एका बिलावर स्वतःचं नाव घालून घे. लीजिंग ऑफिसात एक सही असते फक्त. ती सही नुसत्या कॉलेजसाठी नाहीये हे तुला मी सांगायला नको.

कोर्सबद्दल. परवानाधारक प्रीस्कूलमध्ये टीचर व्हायला चाइल्ड डेव्हलपमेंटचे १२ सेमिस्टर युनिट लागतात, क्वार्टरवाल्या कॉलेजात त्याचे १८ होतात. टर्मला एक-दोन विषय घेतलेस तर मूल सांभाळून दीडएक वर्षात होतं. सहा युनिट झाले की काही ठिकाणी घेतातही, उरलेले शिकता शिकता पूर्ण करायच्या बोलीवर. पण शिकायला एच-फोर पुरतो, पगाराला नाही, त्यासाठी ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतो आणि तो साधारणपणे मिस्टरांचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालं असेल तर मिळतो. हे आधी घरी विचार, नाहीतर सर्टिफिकेट हातात घेऊन बसायची वेळ येते, शिकणं वाया जात नाही हे खरं असलं तरी चिडचिड होतेच. फेडरल मदत, तो फाफ्साचा फॉर्म वगैरे, एच-फोरला मिळत नाही, त्यात वेळ घालवू नकोस.

आणि मिस्टर राहू दे म्हणतात ते फीचा आकडा बघून म्हणत असतील. रेसिडेन्सी सुधारली की तो आकडा कित्येक पटींनी खाली येतो, तो स्क्रीन त्यांना दाखव.

"आमची मुलगी दहावीत आहे. तिच्या मैत्रिणी उन्हाळ्यात कॉलेजचे क्लास घेतायत म्हणून आम्हीपण चार घ्यायला लावावेत का? फुकट असतात म्हणे." — बाबा, डब्लिन (कॅलिफोर्निया)

हायस्कूलच्या मुलांना पार्टटाइम असतील तर साधारण युनिटची फी माफ असते, शाळेची आणि पालकांची सही लागते, हे बरोबर. पण चार नको हो. तिथे मिळालेली ग्रेड ही खरी कॉलेजची ग्रेड असते, कायमची, ती यूसीला दाखवावीच लागते. उन्हाळ्यात सोळा आठवड्यांचा विषय सहा आठवड्यांत कोंबलेला असतो आणि पंधरा वर्षांच्या पोरीला सी मिळाला तर तो तिच्याबरोबर पुढे चालत राहतो. तिच्या आवडीचा एकच घ्या. मैत्रिणीच्या आवडीचा नको.

"मॅडम, मुलगा बारावी सायन्स, ६१ टक्के. इथे एक एजंट म्हणतो अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला सीट फिक्स करून देतो, दीड लाख आधी द्या, बाकी नंतर. दोन वर्षांनी मोठ्या युनिव्हर्सिटीत जाता येतं असं सांगतो. खरं आहे का? आमची शेती आहे आणि मी शिक्षक आहे." — सांगली

सर, जी सीट सगळ्यांना मिळते ती फिक्स कसली करायची. ६१ असोत की ९१, त्याने फारसा फरक पडत नाही. तुमचा मुलगा एफ-वन व्हिसावर येणार, तर त्याचा अर्ज कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे जातो, तो मुलगा स्वतः घरी बसून भरू शकतो. दहावी-बारावीची मार्कशीट, इंग्रजीची एक परीक्षा, पासपोर्ट, आणि एका वर्षाचा खर्च पेलेल एवढी रक्कम दाखवणारं बँकेचं पत्र. ते पाहून कॉलेज आय-२० (व्हिसासाठी लागणारा ॲडमिशनचा कागद) पाठवतं, मग सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी, व्हिसाची फी वेगळी, आणि मुंबईला बीकेसीत मुलाखत. तिथे हमखास विचारतात की थेट युनिव्हर्सिटी सोडून कम्युनिटी कॉलेज का. त्याचं उत्तर मुलाला स्वतःच्या शब्दांत देता आलं पाहिजे, एजंटने पाठ करून दिलेलं तीन वाक्यांत ओळखू येतं.

दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत जाता येतं हे खरं आहे, वर फ्रिमाँटच्या ताईंना टॅगबद्दल लिहिलंय ते परदेशी विद्यार्थ्यांनाही लागू आहे. पण जो भाग एजंट सांगत नाही तो असा, की ४६ डॉलरचा दर तुमच्या मुलासाठी नाही. त्याला नॉन-रेसिडेंट फी पडेल, ती पहिल्या दिवशीही आणि चौथ्या वर्षीही, कारण एफ-वनवर राहून रहिवासी होता येत नाही. यूसीत गेल्यावर तर तिथली परराज्यातली फी म्हणजे डोळे पांढरे होतात. टर्मला १२ युनिट घ्यावेच लागतात, आणि पहिल्या वर्षी काम म्हणजे कॅम्पसवरच, टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, त्यात फी निघत नाही, किराणा निघतो.

आणि बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नसतं. कोस्टा मेसाच्या ऑरेंज कोस्ट कॉलेजसारखी थोडी आहेत ज्यांनी बांधलंय, बाकी ठिकाणी अठरा वर्षांच्या पोराने स्वतः खोली शोधायची, बसने जायचं, स्वयंपाक करायचा. जवळचं कुणी नातेवाईक कॉलेजच्या आसपास असेल तर मी विचार करा म्हणेन. नसेल, आणि शेती गहाण टाकून यायचं असेल, तर मी माझ्या भावाला जे सांगितलं असतं तेच तुम्हाला सांगते, इथे डिग्री करू दे आणि मास्टर्सला पाठवा. एजंटला दीड लाख मात्र कुठल्याच परिस्थितीत देऊ नका.

"मी वर्गात टॉप पंधरा टक्क्यांत आहे आणि मला मिडलसेक्सला, आमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कॉलेजला जायचंय, बाबा म्हणतात मार्क चांगले असताना का, रटगर्सला, राज्याच्या युनिव्हर्सिटीला जा. तुम्ही काय म्हणाल?" — एडिसन, वय १७

न्यू जर्सीत एनजे स्टार्स नावाची योजना आहे, हायस्कूलच्या वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांना आपल्याच काउंटीच्या कॉलेजात ट्यूशन माफ, फुल टाइम शिकायचं आणि ग्रेड टिकवायच्या. तू अगदी त्याच्यातली आहेस. काउंटी बदललीस तर मात्र गेलं, तिथे कॅलिफोर्नियासारखं सगळं राज्य एक नसतं, काउंटीचा हिशेब चालतो. आणि काउंटी कॉलेजची एए किंवा एएस, म्हणजे दोन वर्षांची डिग्री, पूर्ण करून गेलीस तर राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत ते क्रेडिट्स धरले जातात, तसा कायदाच आहे, पण पूर्ण करून, अर्ध्यात नाही. रटगर्सच्या ज्या शाखेला जायचंय तिथे तुझ्या विषयाचे कुठले क्रेडिट्स मोजतात हे आत्ताच काढ आणि दोन वर्षांत वाचणारे पैसे एका कागदावर लिहून बाबांसमोर ठेव. वाद घालू नकोस, कागद ठेवून खोलीतून बाहेर ये. माझ्या वडिलांवर तरी हेच चालायचं.

"बाई, मी सातारा जिल्ह्यातली, वय ६८, ग्रीन कार्डवर मुलाकडे आहे. नात म्हणते आजी तू इंग्लिश शिकायला कॉलेजात जा. माझी सातवी झालीये. फॉर्ममध्ये शाळेचं नाव काय लिहायचं? ती शाळा आता राहिली नाही. (हे नातीने टाइप केलंय.)" — मिलपिटस

आजी, नमस्कार. शाळा राहिली नाही तरी अडत नाही. शिक्षण किती, या प्रश्नाला हायस्कूल पूर्ण केलेलं नाही असा एक पर्याय असतो, तो नातीला निवडायला सांगा. तुमचं वय १८ च्या वर आहे ना, मग झालं, नियमात बसता तुम्ही.

फक्त कोर्स निवडताना ईएसएलचा (ज्यांची भाषा इंग्लिश नाही त्यांच्यासाठीच्या इंग्लिशचा) नॉनक्रेडिट, म्हणजे डिग्रीत न धरला जाणारा, वर्ग घ्या, त्याला कॅलिफोर्नियात फी नाही, परीक्षेत नापास होण्याची भानगड नाही, आणि मिलपिटसला ॲडल्ट स्कूलही आहे, घराला जे जवळ पडेल ते बघा, रात्री ड्राइव्ह कोण करणार तेही आधी ठरवा. पहिल्या दिवशी नाव विचारतील, कुठून आलात विचारतील, तेवढं इंग्लिश नात शिकवेल.

आणि एक, फॉर्मवर ईमेल विचारतात तिथे मुलाचा टाकू नका. कॉलेजचे सगळे निरोप त्याच ईमेलवर येतात, वर्ग कधी सुरू, खोली कुठली, शिक्षक बदलले, आणि मुलगा काही ते वाचणार नाही. नातीला सांगा, आजीच्या नावाचा नवीन उघडून दे.